राक्षसिणीचं तान्हं बाळ किती किलोचं?

माझी उभी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात झाली. निवृत्तीनंतर एक वेगळंच काम आपणहून चालत आलं. माझे जुने विद्यार्थी आता कुणी कुमारांसाठी अद्भुतकथा लिहितात, कुणी अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत चित्रं काढतात, कुणी सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळींना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवतात. त्यांच्या जगात राक्षस असतात, एल्फ असतात, बुटके, पऱ्या, नाग, पंखवाले लोक असतात. मोठ्यांची उंची-वजनं वहीत व्यवस्थित लिहिलेली असतात. मग कथेत कुठेतरी पाळणा हलतो आणि मला फोन येतो, “मॅडम, राक्षसिणीचं बाळ जन्मतः केवढं दाखवू?”

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. काल्पनिक जमातीचं बाळ मोजायला बसलं की खऱ्या आयांकडे, खऱ्या पिल्लांकडे आणि खऱ्या बाळंतपणांकडे नीट बघावंच लागतं. त्या बघण्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. क्रमाला फारसा अर्थ नाही, पहिला मुद्दा मात्र पहिलाच हवा.

१. आधी आईचं वजन लिहा

बहुतेक जण सुरुवात बापापासून करतात. जमातीतला एखादा लढवय्या घेतात, त्याची उंची आठ फूट धरतात आणि त्याच हिशोबाने बाळ लहान करत नेतात. पण बाळ किती मोठं जन्मेल हे आईच्या शरीरावर ठरतं. ती किती जड आहे, एका वेळी किती बाळं वाढवते, किती दिवस पोटात ठेवते, आणि बाहेर आल्यावर बाळाला लगेच काय करावं लागणार आहे, हे चार प्रश्न आधी सोडवायचे.

हे सोडवले नाहीत तर नुसत्या वजनावरून किती फसगत होते ते बघा. पांडाची मादी शंभर किलोच्या आसपास असते आणि तिचं पिल्लू अवघं शंभर ग्रॅमचं. गोरिलाची मादी ऐंशी-नव्वद किलोची आणि पिल्लू दोन किलोचं. पंचावन्न किलोच्या बाईला मात्र तीन किलोचं बाळ होतं. लाल कांगारूचं पिल्लू तर एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, कारण त्याचं उरलेलं वाढणं आईच्या पिशवीत व्हायचं असतं. गांधारीच्या पोटी आलेल्या मांसाच्या गोळ्याचे भाग करून ते तुपाच्या कुंभांत वाढवले, ही महाभारतातली कथा मी वर्गात कांगारूच्या तासाला आवर्जून सांगत असे. गर्भाशयाबाहेर वाढ पुरी करायची सोय असली की जन्माच्या वेळचा आकार कितीही लहान चालतो. तुमच्या जमातीत अशी पिशवी, कुंभ, ऊबदार गुहा असं काही आहे का, हे आधीच ठरवून टाका.

२. माणसाचं बाळ म्हणजे नेमकं कुणाचं?

तुलनेसाठी सगळे माणसाचं बाळ घेतात आणि पुस्तकात दिसलेला साडेतीन किलोचा आकडा उचलतात. तो आकडा युरोप-अमेरिकेतल्या बाळांचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा १९९०च्या दशकात अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी त्यांची तुलना केली, ती साधारण ३.५ किलोची होती.

त्याहून महत्त्वाचं पुढेच आहे. आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव जास्त कमी झाले होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. ‘दिसायला कृश पण चरबी राखून असलेलं भारतीय बाळ’ ही कल्पना त्या अभ्यासातून जगभर गेली. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहिलेली डोंगरी जमात तुम्ही रंगवत असाल तर तिचं बाळ निरोगी बाळाची छोटी प्रत म्हणून काढू नका. टंचाईत गर्भ काही गोष्टी सांभाळतो आणि काही सोडून देतो. मेंदू सांभाळतो, चरबी सांभाळतो, स्नायूंवर काटकसर करतो. चित्रकाराने हातपाय काटकुळे आणि डोकं भरलेलं काढलं, तर वाचकाला न सांगता कळेल की या मुलुखात भूक जुनी आहे.

पुढच्या सगळ्या हिशोबासाठी मी ५५ किलोची, १५५ सेंटिमीटर उंचीची आई आणि तीन किलोचं, ५० सेंटिमीटरचं बाळ धरते.

३. आई दुप्पट तर बाळ पावणेदोन पट

सस्तन प्राण्यांच्या माद्या आणि पिल्लं यांची वजनं एकत्र मांडली की एक कल स्पष्ट दिसतो. आई जितकी जड, तितकं बाळ जड खरं, पण त्याच प्रमाणात नाही. आईचं वजन दुप्पट झालं की बाळ साधारण पावणेदोन पट होतं. आई दहापट झाली की बाळ पावणेसात पटीच्या आसपास जातं. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी सांगते, मी घातांक ०.८३ धरते. वेगवेगळ्या प्राणिगटांत तो पाऊण ते नऊ-दशांश यांच्या दरम्यान हलतो.

आता माणसाच्या तिप्पट उंच राक्षसीण घेऊ, म्हणजे साडेचार मीटरच्या थोडी वर. उंची तिप्पट म्हणजे वजन सत्तावीसपट, साधारण दीड टन. बाळही सरळ सत्तावीसपट केलं तर ८१ किलोचं येतं. नियमाने मात्र ४६ किलो येतं. काझीरंग्यातली एकशिंगी गेंड्याची मादी साधारण याच वजनाची असते आणि तिचं पिल्लू साठ-सत्तर किलोचं. पाणघोड्याच्या मादीचं पिल्लू पंचवीस ते पन्नास किलोचं. आपले ४६ किलो त्यात व्यवस्थित बसतात.

दुसऱ्या टोकाला परी. माणसाच्या दहाव्या हिश्श्याची, वीतभराहून थोडी लहान, वजन ५५ ग्रॅम. तिचं बाळ तीन ग्रॅमचं येत नाही, दहा ग्रॅमच्या जवळ येतं, म्हणजे आईच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. वाचताना अशक्य वाटेल, पण वटवाघळाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू आईच्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतं. आणि ते एकटंच असतं. परीला एका वेळी चार बाळं होत असतील तर हे दहा ग्रॅम चौघांत वाटले जातील, उंदरीण आपल्या पिल्लांत वाटते तसे.

चित्रकारांसाठी खरा उपयोग इथे आहे. राक्षसिणीच्या कडेवरचं बाळ तिच्या मानाने लहान दिसायला हवं. सव्वाशे सेंटिमीटरचं ते बाळ आईच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडंच जास्त भरतं. माणसात बाळ आईच्या एक-तृतीयांशाजवळ असतं. परीच्या मांडीवरचं बाळ तिच्या जवळजवळ निम्म्या लांबीचं. नुसत्या या प्रमाणावरून, शेजारी झाड किंवा घर न काढताही, ही आई अवाढव्य आहे की चिमुकली, हे डोळ्यांना कळतं.

बुटक्यांचा हिशोब केल्यावर मात्र सगळे चकित होतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधला ड्वार्फ माणसापेक्षा ठेंगणा असला तरी वजनाला सत्तर किलोच्या घरात असतो. तेवढ्या वजनाच्या आईचं बाळ साडेतीन किलोच्या वर जातं. म्हणजे ठेंगण्या आईबापांचं तान्हं आपल्या तान्ह्यापेक्षा जड निघतं!

एक इशारा. माणसाला तिप्पट केलं की वजन सत्तावीसपट होतं, पण हाडांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ नऊपटच वाढतं. गॅलिलिओने १६३८मध्ये हे मांडलं. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६च्या आपल्या निबंधात गोष्टींतल्या राक्षसांवर हाच न्याय लावला आणि त्यांची मांडीची हाडं पहिल्याच पावलाला मोडतील असं दाखवलं. हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. मुद्दा असा, की राक्षसीण उभी राहायची असेल तर तिची हाडं जाड, पाय खांबांसारखे हवेत, आणि मग तिचं वजन दीड टनावर थांबणार नाही. बाळाचा आकडाही थोडा वर सरकवा.

४. खऱ्या माणसांवर ताडून बघा

अ‍ॅना स्वॉन नावाची कॅनडातली स्त्री २.२७ मीटर उंच होती. तिचा नवरा मार्टिन बेट्सही जवळपास तिच्याच तोडीचा. दोघं अमेरिकेत ओहायोतल्या सेव्हिल गावी राहिली. त्यांना दोन बाळं झाली. पहिली मुलगी १८७२मध्ये मृत जन्मली, वजन साधारण ८.२ किलो. दुसरा मुलगा जानेवारी १८७९मध्ये झाला, साधारण दहा किलोचा. तो अकरा तास जगला.

अ‍ॅनाची उंची घेऊन तिकडच्या बाळांच्या सरासरीवरून वरचा नियम लावला तर उत्तर आठ किलोच्या जवळ येतं. पहिल्या मुलीचा आकडा त्यावर चपखल बसतो, मुलगा त्यापुढे गेला. कागदावरचा नियम हाडामांसाच्या माणसांना इतका जवळ जातो, हे पहिल्यांदा मांडून बघितलं तेव्हा मी पेन खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. तेव्हापासून विद्यार्थ्यांना हे उदाहरण देते ते पूर्ण देते, मुलांच्या मृत्यूसकट. ते आकडे एका आईने सोसलेले आहेत.

५. डोकं मोजल्याशिवाय बाळंतपण लिहू नये

वजन हा अर्धाच हिशोब आहे. दाई वजन विचारत नाही, डोकं कुठे आलंय ते बघते.

माणसाच्या बाळाच्या डोक्याची रुंदी साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि आईच्या ओटीपोटाच्या हाडांचं कडं पुढून मागे साधारण अकरा सेंटिमीटर. मधे जागा अशी नाहीच. म्हणून बाळ वळत वळत येतं, टाळूची हाडं जुळलेली नसतात ती एकमेकांवर सरकतात, आणि तरीही डोकं अडतं. गोरिलाच्या मादीला हा त्रास नाही. शेरविन वॉशबर्न यांनी १९६०मध्ये मांडलं, की दोन पायांवर चालायला कंबर अरुंद हवी आणि मोठ्या मेंदूला वाट रुंद हवी, या ओढाताणीत माणसाचं बाळ लवकर बाहेर येतं. होली डन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये वेगळं कारण दिलं: गर्भाला पुरवायची ऊर्जा आईच्या शरीराला झेपेनाशी होते तेव्हा प्रसूती होते. मला दुसरं कारण जास्त पटतं, पण गोष्ट लिहिणाऱ्याला दोन्ही उपयोगी आहेत.

आता हे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या हाफलिंग या ठेंगण्या जमातीला लावा. नव्वद सेंटिमीटर उंची, अठरा किलो वजन. नियमाने बाळ १.२ किलोचं, ३७ सेंटिमीटर लांब येतं. आईचं कडं माणसाच्या प्रमाणात लहान केलं तर साडेसहा सेंटिमीटरही भरत नाही. बाळाचं डोकं सात सेंटिमीटर. डोकं बसतच नाही! गोष्टीतली ही हसरी, खाऊनपिऊन सुखी जमात पहिल्याच पिढीत बाळंतपणाला अडते.

इथे लेखकाने वाट शोधायची असते. हाफलिंग बायकांची कंबर त्यांच्या उंचीच्या मानाने बरीच रुंद ठेवता येते, म्हणजे त्यांची चालही डुलती होईल. किंवा बाळ आणखी लवकर जन्मतं आणि पुढचे काही महिने कुणीतरी त्याला अंगावरून खाली ठेवत नाही. किंवा मेंदूच लहान असतो. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३मध्ये सापडलेली माणसाची ठेंगणी जात साधारण १०६ सेंटिमीटर उंचीची होती, मेंदू चारशे घनसेंटिमीटरच्या आसपास, आणि तिच्या हाडांजवळ दगडी हत्यारं मिळाली. मेंदू लहान म्हणजे बुद्धी शून्य, असं समजायचं कारण नाही.

१.२ किलोचं बाळ कसं असतं ते मी जवळून पाहिलं आहे. नात्यातल्या एका मुलीला सातव्याच महिन्यात बाळ झालं. त्याची मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी होती. कातडीखालच्या शिरा दिसत होत्या, कानाच्या पाळीला आकार धरलेला नव्हता, दुमडली की दुमडलेलीच राहायची. सिस्टरांनी ते टोपडं घालून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून साडीच्या पदराने बांधलं. या पद्धतीला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे यांनी ती सुरू केली, तिथे काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून. ते बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, हाफलिंगचं बाळ पुऱ्या दिवसांचं असेल, त्यामुळे त्याची कातडी आणि कान तयार असतील. पण आकार तोच. हात धरायला गेलं तर दोन बोटांत मावणारा. हाफलिंग आईचं वर्णन लिहिणाऱ्यांना मी हेच सांगते.

राक्षसिणीकडे उलट. बाळाचं डोकं चोवीस सेंटिमीटरचं आणि कडं तेहतीसचं. वाट मोकळी. महाभारतात राक्षसी गर्भ राहताच प्रसूत होतात असं सांगितलं आहे. लगेच होण्याचं मी बोलत नाही, पण राक्षसिणीचं बाळंतपण सोपं असावं, हे हाडांच्या मापावरूनही निघतं. महाकाय आईच्या कळांनी डोंगर हादरले, असं लिहायचा मोह सगळ्यांना होतो. डोंगर हादरवायचेच असतील तर हाफलिंगच्या घरी जा.

६. मोठा होणारा जन्मतः मोठा असतोच असं नाही

रॉबर्ट वॉडलो २.७२ मीटर उंच झाला. नोंदलेल्या माणसांत त्याच्याइतकं उंच कुणी नाही. १९१८मध्ये अमेरिकेतल्या ऑल्टन गावी जन्मला तेव्हा तो चार किलोच्याही आत होता. पुढची वाढ पियूष ग्रंथीच्या दोषाने झाली. त्याच्या पाळण्यात डोकावणाऱ्याला काहीच कळलं नसतं. मानवी आईच्या पोटी महाकाय मूल दाखवायचं असेल तर ही वाट सगळ्यात विश्वासार्ह.

ठेंगण्यांतही दोन वाटा आहेत आणि दोन्ही आफ्रिकेत दिसतात. काँगोतल्या एफे लोकांची बाळं जन्मतःच लहान असतात. कॅमेरूनमधल्या बाका लोकांची बाळं मात्र जन्मतः इतरांसारखीच असतात, पहिल्या दोन वर्षांत त्यांची वाढ मंदावते आणि तो फरक कायम राहतो. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झालं. मोठेपणी दोन्ही लोक ठेंगणेच, पण त्यांच्या आयांचा अनुभव वेगळा. तिसरी वाट अकाँड्रोप्लेजियाची, हातपाय आखूड राहण्याची. त्यात बाळाची लांबी थोडीच कमी असते, डोकं मोठं असतं, आणि अशी स्त्री स्वतः आई होताना तिला बहुधा सिझेरियनच लागतं. तुमच्या जमातीत सिझेरियन नसेल तर तिथल्या बायकांच्या जिवाचं काय होतं, हे लिहिताना डोळ्यांआड करू नका.

७. पहिल्या दिवशी बाळाने काय करायचंय?

मराठवाड्यात एका ओळखीच्या घरी उस्मानाबादी शेळी व्याली तेव्हा मी गोठ्यात होते. करडू ओलं, चिकट, पाय चहूकडे पसरलेले. शेळीने त्याला चाटायला सुरुवात केली, त्याने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग वर केला, पडलं, परत केला. आईचं चाटणं संपायच्या आत ते चार पायांवर होतं आणि सडाला डोकं धडकवत होतं. तीस-बत्तीस किलोच्या शेळीचं करडू अडीच किलोच्या आसपास असतं आणि ती पुष्कळदा जुळ्यांना जन्म देते. म्हणजे शेळी माणसापेक्षा कितीतरी जास्त ओझं पोटात वागवते. कळपाबरोबर चालायचं तर पिल्लू तयार होऊनच यायला हवं.

म्हणून पळणारी, भटकी जमात आणि घर करून राहणारी जमात यांची बाळं सारख्या मापाची नसतात. सेंटॉर, म्हणजे घोड्याच्या धडावर माणसाचं अंग असलेली जमात, काढणाऱ्यांना मी घोडीकडे बघायला सांगते. शिंगरू आईच्या एक-दशांश वजनाचं असतं आणि तासा-दीड तासात उभं राहतं. पण त्याच धडावर माणसाचं अंग बसवलं तर मान न धरणारं बाळ चार भक्कम पायांवर उभं राहील, आणि पहिल्या पावलाला त्याचं डोकं लटकेल. सेंटॉरचं बाळ माणसाच्या बाळापेक्षा बरंच पक्कं, मान धरलेलं असायला हवं. म्हणजेच ते जास्त दिवस पोटात हवं. घोडीचे अकरा महिनेसुद्धा मला थोडे वाटतात.

पंखवाल्यांसाठी वटवाघूळ बघा. जवळजवळ पूर्ण वाढ झाल्याशिवाय त्याला उडता येत नाही, आणि तोवर आईच त्याचं सगळं. म्हणून एकच पिल्लू, तेही मोठं.

८. आई कोण आणि बाप कोण, हे उलटं करून बघा

आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी केंब्रिजमध्ये प्रचंड आकाराचे शायर घोडे आणि चिमुकली शेटलंड तट्टं यांचा संकर दोन्ही बाजूंनी केला. निष्कर्ष १९३८मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त दोन्हीकडे निम्मं-निम्मं. तरी शायर घोडीच्या पोटचं शिंगरू शेटलंड घोडीच्या पोटच्या शिंगराच्या तिपटीएवढं जड होतं. पोटात किती वाढायचं ते आईने ठरवलं.

घटोत्कचाची आई हिडिंबा होती, ही किती मोलाची गोष्ट आहे! भीमाचं मूल राक्षसिणीच्या पोटी वाढलं म्हणून ते राक्षसी मापाचं जन्मू शकलं. उलटं असतं, मानवी आई आणि राक्षस बाप, तर बाळ माणसाच्या मापाच्या आसपास थांबलं असतं आणि मग पुढच्या वर्षांत झपाट्याने वाढलं असतं. अर्ध-एल्फ, अर्ध-ऑर्क असं नुसतं लिहून भागत नाही. आई कोणती ते लिहा.

९. कद्रूची हजार, विनतेची दोन

अंडी घालणाऱ्या जमातींचं गणित वेगळं आहे आणि ते आपल्या आदिपर्वात आधीच मांडलेलं आहे. कद्रूने हजार पुत्र मागितले, विनतेने दोनच, पण कद्रूच्या हजारांहून बलवान. १९७४मध्ये स्मिथ आणि फ्रेटवेल यांनी पिल्लांची संख्या आणि प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला येणारं पोषण यांच्यातली तडजोड गणिताने दाखवली. मगर कद्रूच्या बाजूची, किवी पक्षीण विनतेच्या बाजूची. किवीचं एक अंडं तिच्या वजनाच्या सहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढं असतं. विनतेने घाई करून एक अंडं वेळेआधी फोडलं आणि अरुण कमरेखाली अपुरा निघाला. अंड्यातल्या बाळाचे दिवस भरणं म्हणजे काय, हे याहून नेमकं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

ड्रॅगन लिहिणाऱ्यांनी मात्र एक मर्यादा पाळायला हवी. अंडं मोठं झालं की कवच जाड लागतं, आणि कवच जाड झालं की हवा आत जाईना. आजवर सापडलेल्या पक्ष्यांच्या अंड्यांत सगळ्यात मोठं मादागास्करच्या हत्तीपक्ष्याचं, आठ-दहा लिटरचं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात टायटनोसॉर डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, ते २०२३मध्ये प्रसिद्ध झालं. कित्येक टनांच्या त्या जनावरांची अंडी पंधरा-सतरा सेंटिमीटरची आहेत. तेव्हा हत्तीएवढ्या ड्रॅगनचं नुकतं फुटलेलं पिल्लू पाच-सहा किलोच्या पुढे नेऊ नका. ते मांडीवर मावेल.

१०. दीर्घायुष्याने बाळ मोठं होत नाही

एल्फ हजारो वर्षं जगतात म्हणून त्यांचं बाळ भारी हवं, असं एकाने मला आग्रहाने सांगितलं होतं. टोल्कीन यांनी आपल्या टिपणांत एल्फ बाळ गर्भात राहण्याचा काळ साधारण एक वर्ष धरला आहे आणि शरीराची वाढ माणसापेक्षा संथ. हे निसर्गाशी जुळतं. ओरांगउटानचं आयुष्य संथ आहे. दोन पिल्लांत सात-आठ वर्षांचं अंतर, पण पिल्लू दीड किलोच्या आसपासच. दीर्घायुष्य दिसतं ते दोन बाळंतपणांमधल्या अंतरात. एल्फांच्या गावात पाळणे कमी असतील. पाळण्यातलं बाळ नेहमीच्याच मापाचं असेल.

११. आकडा ठरल्यावर तो कुणाच्या तरी हातात द्या

४६ किलोचं बाळ कोण उचलतं? राक्षसिणीची दाई राक्षसीणच असेल तर ठीक. पण गोष्टीत ती माणसांच्या गावाजवळ बाळंत झाली आणि मदतीला गावातल्या बायका धावल्या, तर नाळ कापायला काय वापरतील, वार किती जड भरेल, बाळाला पुसायला किती लुगडी लागतील, बारशाला त्याला झोळीत घालायला किती जणी लागतील? हे प्रश्न विचारले की पानंच्या पानं आपोआप लिहून होतात, आणि वाचक त्या आकड्यावर विश्वास ठेवतो, आकडा न सांगताही.

आपल्या अद्भुतकथांत युद्धं भरपूर असतात, राज्याभिषेक असतात, बाळंतपण मात्र एका वाक्यात उरकतं. लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: तुमच्या जमातीतली दाई ठरवा, तिला नाव द्या, ती काय बघते आणि कशाला घाबरते ते लिहा. गावात एखादी जुनी सुईण अजून असेल तर आधी तिच्याशी बोलून या.